पुतण्याचा उद्योग

घरांतल्या वडील माणसाच्या वाट्यास जीं अप्रिय कामें येतात, त्यांत दुसऱ्याच्या मुलाला चार समजुतीच्या गोष्टी सांगणें हें एक होय. ऐकणाऱ्याला तें रुचत नाहीं, आणि सांगणाऱ्याचा तरी त्यांत अधिकार कितीसा असतो! गेल्या मार्गशीर्षांत तें काम माझ्यावर येऊन पडलें. माझा धाकटा भाऊ एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर माझ्या खोलींत आला, त्यानें दार लोटून घेतलें, आणि म्हणाला, "दादा, तुम्ही एकदां त्याच्याशीं बोला. माझें तो ऐकत नाहीं, तुमचें ऐकेल."

'तो' म्हणजे माझा पुतण्या. वय वर्षें सव्वीस. इंजिनियरिंगची परीक्षा चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण होऊन पुण्यास एका कंपनींत तीन वर्षें नोकरीस होता. त्या कंपनीनें एका सोमवारीं सकाळीं पुष्कळ मंडळींस एकाच मजकुराचें पत्र पाठवून घरीं बसविलें, त्यांत हाहि होता. पहिले दोन महिने तो अर्ज करी, मुलाखती देई, आणि संध्याकाळीं कोणाशीं न बोलतां गच्चीवर जाऊन बसे. पुढें अर्ज कमी झाले, गच्चीवर जाणेंहि कमी झालें, आणि त्याच्या खोलींतला दिवा रात्रीं दोन-दोन, तीन-तीन वाजेपर्यंत जळूं लागला. आमच्या मातोश्री शहाऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांना झोप कमी. त्या मला एकदां म्हणाल्या, "अरे, हें पोर रात्रभर खडखड काय वाजवीत असतें? पूर्वीं तुझ्या खोलींतूनहि असाच उजेड दिसायचा." या वाक्याचा उत्तरार्ध मला थोडा लागला. त्याचें कारण पुढें येईल.

भावाची तक्रार अशी कीं, बेंगळूरच्या एका कंपनीकडून बोलावणें आलेलें आहे, उत्तर द्यावयास एक महिन्याची मुदत आहे, आणि चिरंजीव म्हणतात, हातांतलें काम संपल्यावांचून मी कांहींच सांगूं शकत नाहीं. "आणि काम तरी कसलें? ना कोणी त्याचा पैसा देणार, ना कोणी तें विकत घेणार! जगांत वीस माणसेंहि वापरीत नाहींत अशा कसल्याशा सिस्टीमवर कसलासा प्रोग्रॅम चढवितो आहे!" भाऊ बँकेंतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेला. त्याच्या बोलण्यांत हिशेब असतो, आणि तो हिशेब बहुधा चुकत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं मी पुतण्याच्या खोलींत गेलों. उपदेशाची तयारी मनांत पक्की होती. परंतु वर्गांत मी एक नियम नेहमीं पाळीत असें कीं, ज्या चुकीबद्दल रागें भरावयाचें ती आधीं आपणांस नीट समजलेली असली पाहिजे. म्हणून मीं म्हटलें, "तूं काय करतो आहेस तें मला आधीं समजावून सांग. बोलावयाचें तें मग बोलेन."

त्यानें माझ्याकडे जरा संशयानें पाहिलें. "काका, वेळ लागेल."

"माझ्यापाशीं दुसरें आहे काय?" मीं म्हटलें, आणि त्याच्या खाटेवर बैठक मारली.

मला जेवढें समजलें तेवढें वाचकांस सांगतों. आतां घरोघर संगणक आहेत, आणि मोबाइल तर स्वैपाकघरांतहि पोंचला आहे. पण यंत्र व आपण यांच्यामध्यें एक कारभारी बसलेला असतो हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. कोणत्या प्रोग्रॅमला केव्हां वेळ द्यावयाचा, कोणाला किती जागा द्यावयाची, लिहिलेला मजकूर कोठें ठेवावयाचा, हें सर्व तो पाहतो. त्यालाच ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज, अँड्रॉइड, लिनक्स हीं त्यांतलीं मोठीं नांवें. परंतु जगांत कांहीं माणसें अशीं आहेत कीं, तीं हा कारभारी पहिल्या अक्षरापासून स्वतःच्या हातानें घडवितात, आणि तेंहि केवळ हौसेखातर. लिनक्सचा आरंभहि तसाच. १९९१ सालीं फिनलंडांतील लिनस टोरव्हाल्ड्स नांवाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें, हा आपला केवळ छंद आहे, त्यांतून मोठें कांहीं व्हावयाचें नाहीं, असें जाहीर केलें होतें. हें सांगतांना पुतण्याचे डोळे चमकले. मी मात्र मनांत म्हणत होतों कीं, हजार छंदांपैकीं एकाचें असें सोनें होतें. बाकीच्या नऊशें नव्व्याण्णवांची गोष्ट कोण सांगतो?

त्यानंतर त्यानें ज्या दोन गोष्टी सांगितल्या त्या मला अधिक पटल्या. बी नांवाच्या एका अमेरिकन कंपनीनें एक सुंदर ऑपरेटिंग सिस्टीम तयार केली होती. पण कंपनी चालली नाहीं, आणि २००१ सालीं तिचें किडूकमिडूक पाम नांवाच्या दुसऱ्या कंपनीनें विकत घेतलें. ज्यांना ती सिस्टीम आवडत असे त्यांनीं त्याच सालीं ती नव्यानें लिहावयास घेतली. २००४ सालीं तिचें नांव हायकू ठेवलें. कारण मूळ सिस्टीमवर जगाच्या जाळ्यांतलें एखादें पान सांपडलें नाहीं, तर तें सांगणारा निरोप जपानी हायकूच्या रूपांत येत असे. (नकारहि काव्यांत देणारें यंत्र कोणा रसिकानेंच केलें असलें पाहिजे!) या नव्या सिस्टीमची पहिली बीटा आवृत्ति सप्टेंबर २०१८ मध्यें निघाली. सतरा वर्षें! एवढ्या काळांत पाळण्यांतलें पोर कॉलेजांत जातें.

दुसरी गोष्ट आंद्रेआस क्लिंग या स्वीडिश गृहस्थाची. हा ॲपलसारख्या कंपनींत काम केलेला कसलेला प्रोग्रॅमर. पण अमली पदार्थांच्या नादीं लागला. त्यांतून सुटण्यासाठीं उपचार घेऊन २०१८ सालीं बाहेर पडला, तेव्हां समोर रिकामे दिवस. ते भरावे कसे, म्हणून त्यानें एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहावयास घेतली, आणि तिचें नांव सेरेनिटी, म्हणजे प्रशांति, असें ठेवलें. पुढें जगभरचे शेंकडों लोक त्या कामांत मिळाले, आणि तिच्या पोटीं निघालेला लेडीबर्ड हा ब्राउझर इतका वाढला कीं, २०२४ सालीं त्यानें सिस्टीम इतरांच्या हवालीं करून स्वतः त्यालाच वाहून घेतलें.

"दिवस रिकामे पडले, काका, कीं माणूस कोठें जाईल याचा नेम नसतो," एवढें बोलून पुतण्या खिडकीबाहेर पाहूं लागला. गच्चीवरच्या त्या दोन महिन्यांचा अर्थ तेव्हां मला प्रथम नीट लागला. उपदेश मीं त्या दिवसापुरता खिशांत ठेवला.

आतां त्याच्या स्वतःच्या कामाकडे वळतों. निरनिराळ्या देशांतले चार-पांच तरुण मिळून अशीच एक छोटी सिस्टीम लिहीत आहेत, आणि त्यांत हा एक. एकमेकांस त्यांनीं कधीं पाहिलेलें नाहीं. त्यांच्यांतील एका जाणत्यानें रस्ट या भाषेचा कंपायलर, म्हणजे माणसानें लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला समजेल अशा रूपांत उतरविणारा दुभाषी, त्या सिस्टीमवर आणून ठेवला होता. रस्ट म्हणजे गंज. एवढें चांगलें नांव कोणाला सुचलें, असें मीं विचारतांच तो हंसला. गंज नव्हे, तांबेरा! गव्हावर पडतो तो. ग्रेडन होअर या गृहस्थानें २००६ सालीं ही भाषा करावयास घेतली ती घरच्या घरींच. राहत्या इमारतीची लिफ्ट तिच्यांतल्या प्रोग्रॅमच्या दोषामुळें बंद पडली आणि त्याला एकवीस मजले चढावे लागले, हें त्याचें निमित्त. असे दोष घडूंच नयेत अशी भाषा त्याला हवी होती, आणि तांबेऱ्याची बुरशी मोठी चिवट असते म्हणून तिचें नांव भाषेला दिलें. २०१५ च्या मे महिन्यांत तिची पहिली पक्की आवृत्ति निघाली. आज मोठमोठ्या कंपन्या ती वापरतात.

या भाषेचा जो पॅकेज मॅनेजर, त्याचें नांव कार्गो. हा कार्गोच पुतण्याला त्या छोट्या सिस्टीमवर न्यावयाचा होता.

पॅकेज मॅनेजर म्हणजे काय, हें मीं मुंजीच्या यादीवरून समजून घेतलें. यजमान फक्त लिहितो: अमुक जिन्नस हवा, साधारण अमुक प्रतीचा. कार्गो ती यादी घेऊन क्रेट्स नांवाच्या मोठ्या कोठारांत जातो. तेथें जगभरच्या लोकांनीं फुकट आणून ठेवलेले लाखाहून अधिक जिन्नस आहेत. त्यांतून मागितलेला जिन्नस तो उचलतो. पण तेवढ्यानें भागत नाहीं. त्या जिनसेला स्वतःला आणखी चार जिनसा लागतात, त्या चारांना आणखी नऊ. हें सर्व तो क्रमवार आणतो, कंपायलरकडून शिजवून घेतो, आणि शेवटीं एक दुसरी पट्टी लिहून ठेवतो: नेमकी कोणती आवृत्ति आणली, आणि तिची खूण कोणती. ही खूण म्हणजे त्या मजकुरावरूनच गणितानें काढलेली चौसष्ट अक्षरांची ओळ. मजकुरांतला एक स्वल्पविराम बदलला तरी ती ओळ सबंध बदलते. "म्हणजे परान्न खावयाचें, पण परीक्षा करून!" मी म्हणालों. सोवळ्याच्या घरांत वाढलेल्या पोराला तें लगेच समजलें.

जिनसेच्या पोटीं जिन्नस ही कल्पना ऐकतांना मला राहून राहून अष्टाध्यायी आठवत होती. पाणिनीचें एखादें सूत्र नुसतेंच उचलून हातांत घेतलें तर त्याचा अर्थ लागत नाहीं. त्यांतले शब्द मागच्या सूत्रावरून, कधीं कधीं पुष्कळ मागच्या सूत्रावरून, चालत आलेले असतात. आम्ही यालाच अनुवृत्ति म्हणतों. मागचें एक सूत्र पुसलें तर पुढचीं कितीतरी आंधळीं होतील. मी हें बोलून दाखवितांच पुतण्यानें एक घडलेला प्रसंग सांगितला. २०१६ च्या मार्च महिन्यांत जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेच्या अशाच कोठारांतून एका लेखकानें, नांवाच्या भांडणावरून रागावून, आपले सारे जिन्नस काढून घेतले. त्यांत अवघ्या अकरा ओळींचा एक होता. त्याचें काम एवढेंच कीं, एखादा शब्द आंखूड असेल तर त्याच्या डावीकडे रिकाम्या जागा भरावयाच्या. पण त्या अकरा ओळींवर कोणाकोणाचें काय अवलंबून होतें! जगभर हजारों प्रोग्रॅम तयार होतांना अडूं लागले, आणि कोठारवाल्यांना त्या लेखकाच्या इच्छेविरुद्ध तो जिन्नस परत मांडावा लागला. कार्गोच्या कोठारांत म्हणून असा नियम आहे कीं, जिन्नस 'नवीन कोणी घेऊं नये' अशी चिठी त्यावर लावतां येते. परंतु ज्याच्या पट्टींत तो आधींच नोंदलेला आहे त्याला तो मिळत राहतो. मला हा नियम धर्माला धरून वाटला. दिलेलें दान परत घेतां येत नाहीं.

मग नवीन सिस्टीमवर हा कार्गो न्यावयाचा यांत अवघड काय? उचलावा आणि ठेवावा! मीं तसें विचारलेंहि.

पहिली अडचण बीजांकुरन्यायाची. कार्गो हा रस्ट भाषेंत लिहिलेला, आणि तो तयार करावयास कार्गोच लागतो. रस्टचा कंपायलरहि रस्टमध्येंच लिहिलेला. बीं आधीं कीं अंकुर आधीं? भाषेच्या मूळ कर्त्यानें पहिला कंपायलर ओकॅमल या निराळ्या भाषेंत लिहून ही गांठ सोडविली होती. पुतण्याचा उपाय त्याहून सोपा: लिनक्सच्या भरल्या घरांत बसून, दुसऱ्या घरीं चालेल असा कार्गो शिजवावयाचा आणि डबा भरून तिकडे पाठवावयाचा. पण ज्या घरीं डबा जावयाचा तें घर कसें आहे हें शिजविणाराला आधीं सांगावें लागतें, आणि येथें खरें कष्ट आहेत. प्रत्येक सिस्टीममध्यें चुकीचे क्रमांक निराळे, माहितीचे कप्पे निराळे. फाइलीची लांबी कितव्या कप्प्यांत, ती शेवटीं केव्हां बदलली तें कितव्या कप्प्यांत, हें सर्व हातानें लिहून द्यावें लागतें. पुतण्यानें अशा शेंकडों ओळी लिहिल्या होत्या. शिवाय कार्गोला स्वतःलाच कित्येक शेंकडे जिन्नस लागतात, आणि त्यांच्या तळाशीं सी भाषेंतलीं जुनीं, भारदस्त कामें बसलेलीं आहेत: गुप्त संभाषणासाठीं ओपनएसएसएल, जाळ्यांतून सामान आणण्यासाठीं कर्ल, आणि अशीं आणखी. हा कर्लहि स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनीं हौसेनें हातीं घेतलेल्या, चलनांचे भाव आणून देणाऱ्या एका लहानशा साधनांतून वाढला, आणि आज तो आपल्या मोटारींत आणि टेलिव्हिजनमध्येंहि असतो. मला आपलें वाटलें, या सगळ्या वाड्याच्या पायांत कोणाची ना कोणाची हौसच पुरलेली आहे.

एक गोष्ट मात्र त्याच्या सुदैवाची होती. पूर्वीं कार्गोला एक जिन्नस हवा असला तरी कोठाराची सबंध सूचि उतरवून घ्यावी लागे, म्हणजे एका शब्दासाठीं अख्खा कोश घरीं आणावयाचा. २०२३ पासून हव्या तेवढ्याच पानांवर काम भागतें. तसें नसतें तर त्या छोट्या सिस्टीमची छाती सूचीच्या ओझ्यानेंच फुटली असती.

कुलुपाची गोष्टहि ऐकण्यासारखी आहे. दोन कार्गो एकाच वेळीं एकाच फडताळांत हात घालूं नयेत म्हणून तो आधीं सिस्टीमजवळ कुलूप मागतो. 'माझ्यापाशीं कुलूप नाहीं' असें सिस्टीमनें प्रामाणिकपणें सांगितलें तर तो तसेंच काम चालवितो. पण ही सिस्टीम लिहितांना कोणी घाईंत असें करून ठेवलें होतें कीं, कुलूप मागितलें कीं 'लावलें' म्हणावयाचें, आणि लावावयाचें कांहींच नाहीं. या खोट्या होकारानें त्याचा एक आठवडा खाल्ला. शाळेंत मला असे विद्यार्थी पुष्कळ भेटले. 'येत नाहीं' म्हणणाऱ्याला शिकवितां येतें. 'समजलें' म्हणणाऱ्याचें परीक्षेपर्यंत कांहीं कळत नाहीं.

असे दहा-बारा दिवस गेले. दुपारीं मी त्याच्या खोलींत जाऊन बसूं लागलों, आणि भावजय दोघांचा चहा तिकडेच पाठवूं लागली. एका रात्रीं भाऊ मला जिन्यांत भेटला. "बोललां का त्याच्याशीं?"

"बोलतों आहें," मी म्हणालों. तें खोटें नव्हतें. पण त्याला हवें होतें तें खरेंहि नव्हतें.

त्या रात्रीं मला झोप आली नाहीं. मातोश्रींच्या त्या वाक्याचें कारण आतां सांगावें लागेल. मी चोवीस वर्षांचा असतांना आजोळच्या माळ्यावर मला एका संस्कृत टीकेची हस्तलिखित पोथी मिळाली होती. मधलीं कांहीं पानें गहाळ, कडा झिजलेल्या. तिच्या आणखी दोन प्रती अन्यत्र असल्याचा मीं शोध लावला, आणि सुटीच्या दिवशीं तेथें जाऊन पाठभेद उतरवून आणूं लागलों. दिवसा शाळा, रात्रीं पोथी. दोन वर्षांत निम्मी संहिता जुळत आली. त्या टीकेला वाचक किती? सगळ्या महाराष्ट्रांत दहा निघाले असते तर पुष्कळ. तीर्थरूपांनीं एकदां विचारलें, "याचें तुला काय मिळतें?" मला उत्तर देतां आलें नाहीं. मीं कागद आणि पोथी एका ट्रंकेंत भरलीं, आणि शिकवण्या धरल्या. बहिणीचें लग्न व्हावयाचें होतें, शिकवण्या लागतच होत्या. अकरा वर्षांनीं ट्रंक उघडली, तों आंत वाळवीनें केलेली माती. वडिलांना त्यांत बोल लावण्याचें कारण नाहीं. त्यांनीं फक्त प्रश्न विचारला होता; ट्रंक मीं बंद केली. आणि अकरा वर्षांत तीवरचें झांकण एकदांहि न उघडणारा तोहि मीच.

दुसऱ्या दिवशीं मी गेलों तेव्हां पुतण्या डोकें धरून बसला होता. कार्गो त्या सिस्टीमवर उठून उभा राहिला होता, यादी वाचीत होता, कोठाराचें दारहि ठोठावीत होता; पण दार उघडत नव्हतें. 'दाखल्याची तपासणी फसली' एवढाच निरोप येई. तीन दिवस त्यानें दाखल्यांच्या गठ्ठ्यांत, ओपनएसएसएलमध्यें, आपल्या शेंकडों ओळींत चूक शोधिली होती.

"दाखला कसला?" मीं विचारलें.

त्यानें कंटाळूनच सांगितलें. समोरचें कोठार तेंच खरें कोठार, कोणी तोतया नव्हे, हें पटविण्यासाठीं तें एक दाखला दाखवितें. तो देणारी संस्था ओळखीची पाहिजे, नांव जुळलें पाहिजे, आणि दाखल्याची मुदत चालू पाहिजे. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत.

शाळा सोडल्याचे दाखले मीं आयुष्यांत इतके तपासले आहेत कीं, पुढचा प्रश्न तोंडांतून आपोआप निघाला. "मग तुझें हें यंत्र आजची तारीख कोणती समजतें?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानें चार अक्षरें उठविलीं, आणि पडद्यावर उत्तर आलें: १ जानेवारी १९७०.

असल्या सिस्टीमा सारा काळ त्या दिवसापासूनच्या सेकंदांत मोजतात. बॅटरीवर चालणारें घड्याळ यंत्रांत असतें. पण तें वाचावयास या सिस्टीमला अजून कोणी शिकविलेंच नव्हतें. म्हणून दर वेळीं जागी झाली कीं तिच्या लेखीं १९७० चा पहिला दिवस उजाडे, आणि पन्नासाहून अधिक वर्षांनीं दिला जावयाचा दाखला तिला कोणी आजच दाखवी! तिनें तो नाकारला यांत तिचें काय चुकलें? पुतण्या इतका हंसला कीं, भावजय स्वैपाकघरांतून डोकावून गेली. किती महिन्यांनीं त्याला तसें हंसतांना पाहिलें, याचा हिशेब तिनें मनांत केला असावा. कारण त्या दिवशीं चहाबरोबर चिवडाहि आला. यांत माझी हुशारी कांहीं नाहीं. कोणत्याहि शाळेच्या कारकुनानें हेंच विचारलें असतें.

घड्याळ वाचावयास शिकविणें हेंहि मोठें मौजेचें निघालें. त्यांत वर्षाचे शेवटचे दोनच आंकडे सहसा असतात, आणि घड्याळ पुढें सरकण्याच्या नेमक्या क्षणीं वाचलें तर अर्धें जुनें, अर्धें नवें असें भलतेंच हातीं येतें. म्हणून दोनदां वाचावयाचें, आणि दोन्ही वाचनें जुळलीं तरच खरीं मानावयाचीं. ताळा करून पाहण्याची ही रीत मला फार आवडली. रात्रीं साडेअकराला कोठाराचें दार उघडलें, आणि मागितलेला पहिला जिन्नस खालीं उतरला.

मला वाटलें, संपलें. पण नाहीं. दोन दिवसांनीं नवें विघ्न. प्रोग्रॅमांत कांहीं बदल करून कार्गोला पुन्हां सांगावें, तर तो 'झालें' म्हणे आणि जुनेंच उत्तर देई. फाइल बदलली कीं नाहीं हें तो तिच्या बदलल्याच्या वेळेवरून ओळखतो. आणि पुतण्याच्या त्या हातानें लिहिलेल्या नकाशांत वेळेचा कप्पा चार घरांनीं चुकला होता. कार्गो वाची तो शेजारचा, कायम शून्य असलेला कप्पा. त्यामुळें त्याच्या दृष्टीनें जगांत कधींच कांहीं बदललेलें नसे. ही चूक त्याची स्वतःची होती. ती त्यानें दोन रात्रींत एकट्यानें शोधून काढली, आणि सकाळीं मला न विचारतां सांगितली.

मुदतीच्या आदल्या दिवशीं मीं भावाला खोलींत बोलाविलें. पुतण्याहि होता. यंत्राच्या आंत यंत्र चालविण्याची एक युक्ति असते, तींत ती छोटी सिस्टीम जागी झाली. पुतण्यानें कार्गोला हुकूम केला. कोठारांतून तीन जिन्नस आले, एकामागून एक शिजले, आणि पडद्यावर मराठींत एक ओळ उमटली: 'नमस्कार, बाबा.' भाऊ चष्मा लावून तिच्याकडे बराच वेळ पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "एवढ्यासाठीं तीन महिने?"

"हो," पुतण्या म्हणाला. आवाजांत राग नव्हता.

"आणि आतां संपलें ना?"

"नाहीं, बाबा. कार्गोनें त्याच सिस्टीमवर बसून स्वतः कार्गो घडविला पाहिजे. तो अजून मध्येंच मरतो."

भाऊ कांहीं न बोलतां गेला. मला उपदेशाचें उरलेलें काम करणें प्राप्त होतें. मीं पुतण्याला ट्रंकेची गोष्ट सांगितली. त्याआधीं ती मीं घरांत कोणालाच सांगितलेली नव्हती. आणि म्हटलें, "नोकरी घे. घर पगारावर चालतें, यांत तुझ्या वडिलांचें कांहीं चुकत नाहीं. पण झांकण लावूं नकोस."

त्यानें दुसऱ्या दिवशीं बेंगळूरला होकार कळविला. सगळ्यांना सामाईक अशा भागांत घालण्यासाठीं त्यानें आपल्या त्या नकाशाच्या ओळी पाठविल्या आहेत, त्या अद्याप तपासणाराच्या वाटेकडे डोळे लावून आहेत. निघतांना आजीच्या पायां पडला, तेव्हां तिनें विचारलें, "तिथें तरी रात्रीं झोपशील ना?" त्यानें मान हालविली. मला तो होकार त्या कुलुपासारखा वाटला.

दर रविवारीं सकाळीं त्याचा फोन येतो. जेवण कसें आहे, खोलीचें भाडें किती, ऑफिसांतले वरिष्ठ कसे आहेत, हे प्रश्न भाऊ ठराविक क्रमानें विचारतो. गेल्या रविवारीं ते संपल्यावर त्यानें फोन ठेवला नाहीं. खिडकीकडे तोंड करून, आवाज जरा खालीं आणून म्हणाला, "आणि तें तुझें... स्वतःला घडवितें का आतां?"

पलीकडून पुष्कळ वेळ बोलणें चाललें होतें. भाऊ 'हूं, हूं' करीत होता. मग फोन ठेवून माझ्याकडे वळला.

"मेमरी पुरत नाहीं म्हणतो," तो म्हणाला, आणि वर्तमानपत्र उघडलें.